टिक्स कमी झाल्या त्या गोळ्यांनी, की ओहोटीने?

एका आईचा प्रश्न आहे. मुलगा साडेसात वर्षांचा. आठ-नऊ महिन्यांपूर्वी तो डोळे मिचकावायला लागला, मग नाक आक्रसायला लागला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे ठीक असल्याचं सांगितलं, मुलांच्या डॉक्टरांनी ‘टिक्स आहेत, लक्ष देऊ नका’ म्हणून घरी पाठवलं. याच अनुभवातून गेलेल्या एका पालकाच्या सांगण्यावरून तिने मॅग्नेशियम आणि बी-६ सुरू केलं, सोबत डी जीवनसत्त्व, एक मल्टिव्हिटॅमिन आणि फिश ऑइल. पंधरा दिवसांत मिचकावणं जवळजवळ थांबलं. पाचव्या आठवड्यात मान झटकणं आणि घसा खाकरणं सुरू झालं. आता तिला विचारायचंय की यातल्या कशाने बरं वाटलं, कशाने बिघडलं, मात्रा वाढवू की सगळं बंद करू, आणि रक्त तपासलं तर कमतरता कळेल का?

उत्तर लांबणार आहे. पण सगळ्यात तातडीचं आधी सांगते. मात्रा वाढवू नका. आणि मान झटकणं तुम्ही दिलेल्या गोळ्यांमुळे आलं असं धरून स्वतःला बोल लावून घेऊ नका. दोन्हींची कारणं पुढे येतील.

प्रश्न वरवर जीवनसत्त्वांचा आहे. माझ्या मते त्याच्या पोटात दुसराच प्रश्न दडलेला आहे: जी गोष्ट आपली आपण चढते आणि उतरते, तिच्यावर काही उपाय केला तर तो लागू पडला हे ओळखायचं कसं? हे सुटल्याशिवाय ‘कुठली गोळी’ या प्रश्नाला अर्थच येत नाही.

आधी टिक म्हणजे काय ते थोडक्यात, कारण शब्दांचा घोळ खूप होतो. पालक येतात आणि म्हणतात, ‘मानेला झटके येतात’. मराठीत झटके म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आकडी येते, आणि मग मेंदूच्या आलेखापासून तपासण्यांची रांग लागते. टिक वेगळी. अचानक, पटकन, पुन्हा पुन्हा होणारी, तालात नसलेली हालचाल किंवा आवाज. मूल शुद्धीवर असतं, बोलत असतं, खेळत असतं. थोडा वेळ ते ती दाबूनही धरू शकतं. जरा मोठी मुलं सांगतात की टिक येण्याआधी आतून काहीतरी दाटून येतं आणि ती केली की मोकळं वाटतं. खोकल्याची उबळ असते तशीच ही उबळ. म्हणून ‘मुद्दाम करतोय’ हेही खरं नाही आणि ‘त्याच्या हातात काहीच नाही’ हेही पूर्ण खरं नाही. खोकला दाबण्याइतकंच ते हातात असतं.

टिक्स बहुधा चार ते सहा वर्षांच्या वयात सुरू होतात, दहा-बारा वर्षांच्या सुमारास सर्वांत जोरात असतात आणि वयात आल्यावर बऱ्याच मुलांच्या कमी होतात. मुलींपेक्षा मुलग्यांत तीन-चार पट जास्त. सुरुवात चेहऱ्यापासून होते, डोळे तर पहिले ठरलेलेच, आणि मग खाली मान, खांदे अशी सरकते. आवाजाच्या टिक्स साधारणपणे नंतर येतात. तुमच्या मुलाचा प्रवास पाहा: डोळे, नाक, मग मान आणि घसा. मी हा क्रम इतक्या वेळा ऐकला आहे की पालक ‘आधी डोळे’ म्हणाले की पुढचं वाक्य मला साधारण माहीत असतं. त्यातल्या पुष्कळ मुलांनी कसलीच गोळी घेतलेली नव्हती. जुनी टिक जाऊन तिच्या जागी नवी येणं हा या आजाराचा स्वभाव आहे.

आता ओहोटीकडे. टिक्सना भरती-ओहोटी असते, दिवसांची, आठवड्यांची, महिन्यांची. आणि पालक उपाय केव्हा शोधतात? ओहोटीत कोणी शोधत नाही. मूल मिनिटाला दहा वेळा मिचकावायला लागतं, शाळेतून चिठ्ठी येते, पाहुणे विचारतात, तेव्हा आपण धावतो. म्हणजे गोळी सुरू होते ती भरतीच्या टोकावर. तिथून पाणी ओसरणारच असतं. त्या पंधरवड्यात तुम्ही मॅग्नेशियम दिलं असतं, मधाचं बोट दिलं असतं किंवा काहीच दिलं नसतं, तरी बऱ्याच मुलांत मिचकावणं कमीच झालं असतं. सगळ्या मुलांत झालं असतं असा दावा मी करत नाही. पण तुमच्या मुलात नेमकं काय झालं हे आज तुम्हीही सांगू शकत नाही आणि मीही. चार-पाच गोष्टी एकदम सुरू झाल्या, तेही भरतीच्या टोकावर. त्या पुराव्यातून काही वेचून काढणं शक्य नाही.

एक वडील मला कायम आठवतात. त्यांनी हेच मिश्रण मागवलं होतं आणि काही कारणाने ते हातात पडायला तीन आठवडे उशीर झाला. तोवर मुलीचे खांदे उडणं थांबलं होतं. पुढच्या भेटीत हसत म्हणाले, ‘डबा वेळेवर आला असता ना डॉक्टर, तर मी शपथेवर सांगितलं असतं की त्यानेच थांबलं, आणि अजून दहा जणांना सांगितलं असतं.’ अशा सल्ल्यांचा उगम बहुतेक इथे असतो. सांगणारा पालक खोटं बोलत नसतो, त्याने जे पाहिलं तेच सांगत असतो. फक्त ज्यांच्याकडे डबा उशिरा पोहोचला, ते सांगायला येत नाहीत.

आता एकेक गोळी घेऊ. सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही.

मॅग्नेशियम आणि बी-६ ही जोडी सगळ्यात जास्त विचारली जाते. त्यामागचा तर्क ऐकायला छान आहे. मेंदूतल्या उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटच्या एका दाराला मॅग्नेशियम बुचासारखं बसतं, आणि मेंदूला शांत ठेवणारं गाबा नावाचं रसायन तयार व्हायला बी-६ लागतं. मग दोन्ही दिली की मेंदू शांत, टिक्स कमी. इथवरची जीवरसायनाची माहिती बरोबर आहे. पण गोष्ट अर्धी सांगितलेली आहे. तेच बी-६ डोपामिन नावाचं मेंदूतलं दुसरं रसायन तयार करणाऱ्या विकरालाही (एन्झाइमलाही) लागतं. आणि जोरदार टिक्ससाठी आम्ही जी औषधं देतो, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल वगैरे, ती डोपामिनचाच मार्ग अडवतात. मग बी-६ने टिक्स वाढतात असं म्हणायचं का? तेही नाही. सांगायचं इतकंच की ‘अमुक जीवनसत्त्व तमुक रसायनाला लागतं’ एवढ्यावरून उपचार ठरवायला बसलं तर एकाच गोळीबद्दल दोन उलट निष्कर्ष काढता येतात. शरीरात पुरेसं असताना वरून आणखी ओतलं की त्या विकराचं काम त्या प्रमाणात वाढतं, असंही होत नाही. गाडीत तेल कमी असेल तर घालावं. पूर्ण असताना आणखी घातल्याने गाडी वेगाने पळत नाही.

मुलांवर या जोडीचे प्रयोग झाले आहेत, स्पेनमधल्या डॉक्टरांनी त्यात विशेष रस घेतला. पण जे हाती आहे ते लहान आहे आणि त्यातला बराचसा भाग तुलनेसाठी खोटी गोळी, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, न वापरता केलेला आहे. वर सांगितलेली ओहोटी लक्षात घेतली, तर खोट्या गोळीशी तुलना नसलेल्या अभ्यासावर मी का भर देत नाही ते कळेल. म्हणून मी ही जोडी लिहून देत नाही. कोणी आधीच देत असेल, मात्रा मर्यादेत असेल आणि मूत्रपिंडं ठीक असतील, तर भांडतही नाही.

मात्रेचं मात्र मी बारकाईने बघते, कारण खरी गडबड तिथे होते. अमेरिकी शिफारशींनुसार चार ते आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला ०.६ मिलिग्रॅम बी-६ पुरतं. त्यांनी या वयाला वरची मर्यादा ४० मिलिग्रॅम ठेवली आहे, पण युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये प्रौढांचीच मर्यादा २५ वरून १२ मिलिग्रॅमवर आणली आणि मुलांची वयानुसार त्याहून कमी ठरवली. दोन्ही संस्थांच्या आकड्यांत एवढा फरक आहे म्हटल्यावर मी मुलांसाठी खालच्या बाजूला राहते. बी-६ पाण्यात विरघळतं, जास्त झालेलं लघवीतून निघून जातं, हा समज अर्धवट आहे. १९८३ मध्येच सात प्रौढांची माहिती प्रसिद्ध झाली होती. त्यांनी महिनोन्‌महिने दिवसाला २ ते ६ ग्रॅम बी-६ घेतलं होतं आणि त्यांच्या संवेदना वाहून नेणाऱ्या नसांना इजा होऊन चालणंही अवघड झालं होतं. त्यानंतर याहून पुष्कळ कमी मात्रेतही, दीर्घकाळ घेतल्यावर, असा त्रास दिसला आहे. मुलांच्या बाबतीत पंचाईत अशी की सात वर्षांचं मूल ‘माझ्या तळव्यांना मुंग्या येतात’ असं सांगत नाही. ते नुसतं धडपडायला लागतं, आणि घरचे म्हणतात, वेंधळा झालाय.

तुमच्याकडे मॅग्नेशियम-बी-६ची गोळी आहे, वर मल्टिव्हिटॅमिन आहे. बी-६ दोन्हींत असणार. आजच दोन्ही डब्यांवरचे आकडे कागदावर लिहा आणि बेरीज करा. माझ्याकडे आलेल्या एका मुलीला तीन वेगवेगळ्या नावांच्या डब्यांतून तेच बी-६ मिळत होतं. आईने प्रत्येक डबा नीट वाचला होता, बेरीज फक्त कोणी केली नव्हती.

मॅग्नेशियमचं गणित वेगळ्या ठिकाणी फसवतं. डब्यावर ‘मॅग्नेशियम ग्लायसिनेट ५०० मिलिग्रॅम’ लिहिलेलं असतं, पण त्या क्षारात प्रत्यक्ष मॅग्नेशियम साधारण १४ टक्के, म्हणजे ७० मिलिग्रॅमच्या आसपास. ऑक्साइडमध्ये तेच ६० टक्के असतं. चार ते आठ वर्षांच्या मुलाला पूरक गोळ्यांतून, जेवणातलं सोडून, ११० मिलिग्रॅमपर्यंतच मॅग्नेशियम द्यावं असं अमेरिकी मर्यादा सांगते. जास्त झालं तर आधी जुलाब होतात, त्यामुळे निरोगी मुलात ते लवकर लक्षात येतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मुलात मात्र हेच मॅग्नेशियम साठून धोकादायक ठरू शकतं. तिथे स्वतःच्या मनाने अजिबात नाही.

डी जीवनसत्त्वाचं थोडक्यात. टिक्स असलेल्या मुलांच्या रक्तात ते तुलनेने कमी आढळतं, असं चीनमधल्या काही अभ्यासांत दिसलं आहे. तिथेच ते देऊन टिक्स कमी झाल्याचंही नोंदवलं आहे, पण तो अभ्यास उघड होता, म्हणजे काय दिलं जातंय हे सगळ्यांना माहीत होतं. शिवाय बाण कुठल्या दिशेचा? ज्या मुलाला चिडवलं जातं ते बाहेर खेळायला कमी जातं, उन्हात कमी जातं, मग डी कमी होणारच. डी कमी असेल तर भरून काढावं, हाडांसाठी काढावं, टिक्स असोत वा नसोत. सहाशे एकक रोजची गरज, चार ते आठ वर्षांना तीन हजार एकक ही वरची मर्यादा. डी शरीरात साठतं आणि त्याचा अतिरेक हळूहळू वर येतो: भूक जाणं, उलट्या, बद्धकोष्ठ, खूप तहान, खूप लघवी, रक्तातलं कॅल्शियम वाढणं. आठवड्यातून एकदा द्यायची जास्त ताकदीची मात्रा रोज दिली गेल्याचे प्रकार मी पाहिले आहेत. ‘रोज’ आणि ‘आठवड्याला’ हे शब्द चिठ्ठीवर मी आता दोनदा लिहिते.

लोहाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. या सगळ्या यादीत मुद्दाम तपासावी अशी एकच गोष्ट निवडायला सांगितली तर मी लोह निवडीन. डोपामिन तयार होण्याच्या पहिल्या पायरीवरच्या विकराला लोह लागतं. टिक्स असलेल्या मुलांत फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी, कमी आढळल्याचे अभ्यास आहेत. लोह दिल्याने टिक्स जातात असं यातून सिद्ध होत नाही. पण लोह कमी असलेलं मूल नीट झोपत नाही, रात्रभर पाय हलवत राहतं, दिवसा चिडचिडतं, लक्ष लागत नाही. आणि न झोपलेल्या, चिडलेल्या मुलाच्या टिक्स वाढतात, हे मी रोज बघते. तिथे लोह दिल्याने टिक्स कमी झाल्या तर त्या सरळ झाल्या की झोप सुधारल्यामुळे झाल्या, हे मला सांगता येत नाही, आणि त्या मुलापुरता त्याने फरकही पडत नाही. दोन सूचना मात्र आहेत. फेरिटिन ताप-सर्दीच्या दिवसांत खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून मूल बरं असताना तपासा. आणि तपासल्याशिवाय लोह सुरू करू नका, सुरू केलं तर बाटली लहान भावंडाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. एकदम जास्त गेलेलं लोह लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

फिश ऑइलचं सोपं आहे. २०१२ मध्ये ३३ मुलांवरचा, खोट्या गोळीशी तुलना करणारा वीस आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. टिक्सच्या गुणांत दोन गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. एन-ॲसिटिलसिस्टीन नावाची गोळीही तुम्हाला कोणीतरी सुचवेल. केस उपटण्याच्या सवयीवर ती मोठ्यांत उपयोगी दिसली म्हणून आशा होती, पण २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, टिक्स असलेल्या ३१ मुलांवरच्या अभ्यासात ती खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही.

बी-१२ची कमतरता असेल तर ती नक्की भरून काढावी, पण तिने होणारा त्रास वेगळा असतो: रक्तक्षय, हातापायांना मुंग्या, तान्ह्या बाळांत सुस्ती आणि कंप. तसंच कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम खरोखर खूप घसरलं तर स्नायू आवळतात, हातापायांची बोटं विशिष्ट पद्धतीने वळतात, कधी आकडी येते. त्या हालचाली टिकसारख्या दिसत नाहीत, पण घाबरलेल्या घराला दोन्ही ‘झटके’च वाटतात.

आता उलट बाजू. पूरक गोळ्यांनी टिक्स वाढतात का? साध्या मात्रेतल्या जीवनसत्त्वांनी वाढतात असा भरवशाचा पुरावा माझ्या माहितीत नाही. पण डब्यात फक्त जीवनसत्त्वंच असतात असं धरू नका. ‘एकाग्रता वाढवणारं’, ‘ऊर्जा देणारं’ असं लिहिलेल्या काही मिश्रणांत कॅफीन किंवा ग्वाराना (कॅफीन असलेली एक वनस्पती) असतं. काही मुलांत ते झोप उडवतं, हुरहुर वाढवतं, आणि टिक्स त्यावर स्वार होतात. दुसरं, पुढे कधी टिक्स किंवा चिंतेसाठी औषध सुरू झालं तर सेंट जॉन्स वॉर्ट ही वनस्पती किंवा ५-एचटीपी हे पूरक रसायन असलेलं काहीही सोबत चालणार नाही. पहिलं ॲरिपिप्राझोलसारख्या टिक्सवरच्या औषधाचा असर कमी करतं, आणि नैराश्यावरच्या काही औषधांबरोबर दोन्ही धोकादायक ठरतात. केसांसाठीच्या गोळ्यांतलं बायोटिन रक्ताच्या काही तपासण्यांचे, विशेषतः थायरॉइडचे, आकडे चुकवतं. म्हणून रक्त द्यायच्या आधी काय काय चालू आहे ते सांगा.

माझ्या अनुभवात पूरक गोळ्यांचं मोठं नुकसान रसायनाचं नसतंच. गोळी सुरू झाली की घर टिक्स मोजायला लागतं. सकाळी गोळी, दुपारी ‘आज कमी वाटतंय का रे?’, रात्री आई-बाबांची कुजबुज. टिक्सबद्दल बोललं की टिक्स वाढतात, हे नीट नोंदवलेलं निरीक्षण आहे, आणि तपासणीच्या खोलीत ते मी दररोज बघते. मूल शांत बसलेलं असतं, पालक म्हणतात ‘हा असं मानेला...’ आणि मान उडते. रोजची गोळी त्या मुलाला रोज सांगत असते की तुझ्यात काहीतरी बिघडलेलं आहे आणि आम्ही बघतोय. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून जवळजवळ प्रत्येकाला मल्टिव्हिटॅमिन लिहून देत असे. पालकांना बरं वाटायचं, मलाही. त्यामुळे पुढच्या भरतीला ते ‘दुसरी गोळी द्या’ म्हणत यायचे, आणि तो धडा त्यांना मीच दिलेला असायचा.

रक्ताच्या तपासण्यांचं विचारलंत. हे मुलावर अवलंबून आहे. सगळ्या टिक्स असलेल्या मुलांचं रक्त काढायची गरज नाही, टिक्सचं निदान पाहून आणि ऐकूनच होतं. मूल फिकट दिसत असेल, जेवणात मोजक्याच गोष्टी खात असेल, वाढ मंदावली असेल, झोपेत पाय झाडत असेल, तर मी रक्ताची साधी मोजणी, फेरिटिन, बी-१२ आणि डी बघते. मॅग्नेशियम सहसा बघत नाही. शरीरातल्या मॅग्नेशियमचा एक टक्कासुद्धा रक्तात नसतो, त्यामुळे रक्तातला आकडा एकूण साठ्याबद्दल फारसं सांगत नाही. केसांच्या नमुन्यावरून खनिजं सांगणाऱ्या तपासण्यांवर वेळ घालवू नका.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र जीवनसत्त्वांचा विचार बाजूला ठेवून मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांना लवकर गाठा: हालचालीच्या वेळी मूल भानावर नसणं, हालचाली मुख्यतः झोपेतच होणं, हातापायांची सतत वाहती, नाचल्यासारखी हालचाल, बोलणं किंवा अक्षर बिघडत जाणं, आधी येत असलेली कौशल्यं हरवणं, किंवा एका रात्रीत सगळं बदलून मूल ओळखू न येण्याइतकं वेगळं वागायला लागणं. तुम्ही लिहिलेल्यात यातलं काही नाही.

तरीही तुम्हाला गोळी देऊन बघायचीच असेल, तर निदान त्यातून काहीतरी कळेल अशी द्या. आधी सगळं बंद करा. जीवनसत्त्वं आणि मॅग्नेशियम या मात्रेत एकदम थांबवायला हरकत नसते. डॉक्टरांनी सिद्ध कमतरतेसाठी दिलेलं काही असेल तर तेवढं चालू ठेवा. मग चार आठवडे नुसती वही. रोज नाही, आठवड्यातून दोन ठरलेल्या वेळी, दहा मिनिटं, मूल त्याच्या नादात असताना, त्याला कळू न देता. किती टिक्स, कुठल्या, त्याला त्रास झाला का. बाजूला झोप, ताप, परीक्षा, सहल अशी एखाददुसरी नोंद. मग एकच गोष्ट सुरू करा, डॉक्टरांनी बघितलेल्या मात्रेत, आणि थांबवायची तारीख सुरू करायच्या दिवशीच लिहून ठेवा. आठ आठवडे घ्या. मग थांबवा आणि वही चालू ठेवा. थांबवल्यावर टिक्स वाढल्या, पुन्हा सुरू केल्यावर कमी झाल्या, तर मी मान्य करीन की तुमच्या मुलात काहीतरी असू शकेल. अशा वह्या घेऊन आलेले पालक माझ्याकडे थोडेच आहेत. बहुतेकांनी पहिल्या चार आठवड्यांतच ओहोटी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि डबा उघडलाच नाही.

उपचार लागतातच का, हाही प्रश्न आहे. टिक्स दिसतात म्हणून उपचार करायचे नसतात, मुलाला त्रास होतो म्हणून करायचे असतात. मान झटकून दुखायला लागली, वर्गात हसतात, वाचताना ओळ सुटते, तर करायचे. त्यासाठी सगळ्यात चांगला पुरावा वर्तनोपचाराचा आहे. मुलाला उबळ ओळखायला शिकवतात आणि त्या क्षणी टिकशी एकत्र करताच येणार नाही अशी दुसरी, न दिसणारी कृती शिकवतात. मान झटकण्यासाठी हनुवटी किंचित आत घेऊन मान हलकेच ताठ धरायची. घसा खाकरण्यासाठी तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास. २०१० मध्ये ९ ते १७ वर्षांच्या १२६ मुलांवर याचा अभ्यास झाला, दहा आठवड्यांत आठ बैठका. या उपचाराने निम्म्याहून थोड्या जास्त मुलांत, ५२.५ टक्के, स्पष्ट सुधारणा झाली. दुसऱ्या गटात नुसती माहिती आणि आधार दिला होता, तिथेही १८.५ टक्के मुलं सुधारली. दुसरा आकडा लक्षात ठेवा. जवळजवळ पाचात एक मूल, टिक्सवर थेट काहीच न करता. अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शनात हाच उपचार औषधांच्या आधी सुचवला आहे. तुमचा मुलगा लहान आहे, पण प्रशिक्षित मानसतज्ज्ञ खेळाच्या रूपात या वयातही सुरुवात करून देतात. औषधं नंतर येतात, लागलीच तर, आणि तीही बहुधा क्लोनिडिन किंवा ग्वानफॅसिनसारख्या सौम्य बाजूने. सोबत अतिचंचलता, चिंता किंवा तेच तेच करत राहण्याचे विचार आहेत का ते आवर्जून बघा. पुष्कळदा टिक्सपेक्षा त्यांनी मूल जास्त दमलेलं असतं.

हालचाल आणि आवाज दोन्ही आहेत आणि वर्ष पूर्ण होत आलं आहे, त्यामुळे पुढच्या भेटीत कोणीतरी टूरेट हा शब्द उच्चारेल. फ्रेंच डॉक्टर जिल द ला टूरेट यांनी १८८५ मध्ये नऊ रुग्णांचं वर्णन केलं, त्यावरून ते नाव पडलं. शब्द ऐकून लोकांच्या डोळ्यांसमोर शिव्या देणारा माणूस येतो, पण ते दहातल्या एखाददुसऱ्यातच असतं. नाव बदललं म्हणून तुमचा मुलगा बदलत नाही.

तर तुमच्यापुरतं: बी-६ची बेरीज आज करा, मिश्रण थांबवा, झोप सांभाळा, घरात टिक्सवर बोलणं बंद, वर्गशिक्षिकेला दोन वाक्यांत कल्पना द्या की तो हे मुद्दाम करत नाही आणि टोकू नका. तो फिकट किंवा खाण्यात फार निवडक असेल तर फेरिटिन करून घ्या. आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा सगळे डबे पिशवीत घालून न्या, नुसती नावं सांगू नका. फोनवर अर्ध्या मिनिटाचा एक व्हिडिओही न्या, तो चित्र काढण्यात किंवा खेळात रमलेला असताना लांबून घेतलेला. कॅमेरा दिसला की टिक्स एकतर दडी मारतात नाहीतर दुप्पट होतात, आणि दोन्हींतून आम्हाला काही कळत नाही.